मार्क ट्वेनच्या नावावर

सुविचारांच्या वह्या, भिंतीवरची कॅलेंडरं आणि स्नेहसंमेलनातली भाषणं या तीन ठिकाणी मार्क ट्वेन हटकून भेटतो. चटकदार वाक्य हाती लागलं आणि त्याचा धनी ठाऊक नसला, की खाली या अमेरिकन विनोदकाराचं नाव टाकून मोकळं व्हायचं, अशी रीतच पडून गेली आहे. त्यातला एक किस्सा मला फार आवडतो. चौदाव्या वर्षी मुलाला आपला बाप अगदीच अडाणी वाटतो. एकविसाव्या वर्षी तोच मुलगा चकित होतो, की सात वर्षांत म्हातारा किती शिकला! कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना तर हे हमखास पटतं. अडचण एवढीच, की ट्वेनचे वडील १८४७ साली वारले, तेव्हा तो अवघा ११ वर्षांचा होता. त्याच्या लेखनात हा मजकूर कुणाला सापडलेलाही नाही.

वडील गेल्यावर सॅम्युअल क्लेमेन्स (हे त्याचं खरं नाव) छापखान्यात उमेदवारीला लागला. शिशाचे खिळे हातानं जुळवायचं ते किचकट काम. पुढे पैसा आणि कीर्ती मिळाल्यावर त्याला भुरळ पडली ती खिळे जुळवणाऱ्या एका यंत्राची. पेज नावाच्या माणसानं बनवलेल्या त्या यंत्रात १८,००० सुटे भाग होते आणि ते सतत बिघडायचं. लायनोटाइपनं त्याला मागे टाकलं आणि ट्वेनचा पैसा बुडाला. पाठोपाठ १८९४ साली त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. देणं होतं लाखभर डॉलरच्या आसपास. कायद्यानं थोडीबहुत रक्कम देऊन सुटता आलं असतं. पण पै न् पै फेडायची, असं त्यानं आणि पत्नी ऑलिव्हियानं ठरवलं.

म्हणून साठीच्या उंबरठ्यावर, १८९५ च्या जुलैमध्ये, हा गृहस्थ व्याख्यानं देत जगाच्या फेरीवर निघाला. आज आपण ज्यांना ट्वेनची सुभाषितं म्हणतो, त्यांतली कितीतरी या फेरीवरच्या पुस्तकात प्रकरणांच्या माथ्यावर छापलेली आहेत. विनोदाचं मूळ आनंदात नसून दुःखात आहे, अशा अर्थाचं त्याचं प्रसिद्ध वचनही त्यातलंच.

१८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत होता. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात मुक्काम, आणि सोबतीला सज्जातले कावळे. आपल्या पुनर्जन्माच्या कल्पनेचा धागा धरून त्यानं या पक्ष्याच्या मागच्या जन्मांची यादीच दिली आहे. त्यात जुगारी आहे, चोर आहे, ढोंगी आहे, वकील आहे. आणि ट्वेननं हळूच व्याख्यात्यालाही बसवून दिलं आहे. स्वतः तिकीट लावून व्याख्यानं देत असताना! गोष्ट सांगणाऱ्यानं गंभीर राहावं, आपण काही गमतीचं बोलतोय अशी शंकाही चेहऱ्यावर येऊ देऊ नये, असं त्यानं १८९५ सालच्या एका लेखात म्हटलं होतं. कावळ्यांच्या यादीत नेमकं तेच दिसतं.

फेरी संपवून तो इंग्लंडात आला. मुली तिथे भेटायच्या होत्या. त्याऐवजी तार आली. १८ ऑगस्ट १८९६ रोजी थोरली सूझी हार्टफर्डच्या घरी मेंदूज्वरानं गेली होती. वय २४. आई तिच्याकडे निघाली होती, पण बोट अजून समुद्रातच होती.

यानंतरचं वर्ष क्लेमेन्स कुटुंबानं लंडनमध्ये जवळजवळ अज्ञातवासात काढलं. कर्ज फिटलं नव्हतं. तशातच १८९७ च्या मे महिन्याच्या अखेरीस अफवा उठली, की ट्वेन लंडनमध्ये कंगाल होऊन मरणपंथाला लागला आहे. त्याचा एक नातलग आजारी होता, त्यावरून घोटाळा झालेला. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार दारात आला. त्याच्या हातात कार्यालयाच्या तारा होत्या: मरणासन्न असेल तर ५०० शब्द पाठवा, मेला असेल तर १,००० शब्द, असा त्यांचा आशय होता, असं चरित्रकारानं नोंदवलं आहे. आपल्या मृत्यूचं वृत्त ही अतिशयोक्ती होती, एवढंच ट्वेननं लिहून दिलं. पुढे लोकांनी त्यात पदरचं ‘फारच मोठी’ घातलं. माझ्या मते त्यामुळे विनोदाची धार बोथट झाली. मूळचं वाक्य एखाद्या कारकुनानं चूक दुरुस्त करावी तसं कोरडं आहे. ते लिहिणाऱ्या माणसाच्या घरात दहाच महिन्यांपूर्वी मृत्यूची खरी बातमी आली होती, हे ध्यानात ठेवून वाचावं.

१८९८ च्या सुरुवातीला सगळं कर्ज फिटलं.

सूझीनं १३ व्या वर्षी, १८८५ साली, बाबांचं चरित्र लिहायला घेतलं होतं. लोकांना बाबा फक्त थट्टेखोर वाटतात, खरे बाबा फार थोड्यांना माहीत आहेत, याची तिला खंत होती. १९०६ पासून ट्वेननं आपल्या आत्मकथनाचे भाग एका मासिकात छापायला सुरुवात केली, तेव्हा त्यात लेकीच्या वहीतले उतारे घेतले. तिचं शुद्धलेखन कच्चं होतं. जन्मभर छपाईत वावरलेल्या या माणसानं तिची एकही चूक दुरुस्त करू दिली नाही.