सेमारंगच्या नऊ जणी आणि आपल्या मुली

गेल्या रबीउल अव्वलमध्ये आमच्या गावात महिलांचा सीरत जलसा झाला. शाळेतल्या सहा मुलींचे नात-मंडळ पहिल्यांदाच लोकांसमोर आले. दोन महिने त्यांनी सराव केला होता. उर्दू उच्चार मी स्वतः तपासले होते, त्यामुळे शीन-काफ अगदी दुरुस्त होते. तरीही तिसरी नात सुरू होईपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या. तबर्रुक वाटताना एका आजींनी मला गाठले.

"बाई, पोरींचा आवाज लई ग्वाड हाय. पर त्या काय म्हनत हुत्या, तेवढं सांगा की."

मी अर्थ सांगितला. आजींनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "मग हे आपल्या बोलीत का नाय गायलं?"

दुसऱ्या दिवशी मुली हिरमुसल्या होत्या. "ऐकायला कुणी थांबत नाही, मंडळ बंद करू या," म्हणाल्या. एकीच्या भावाने उपाय सुचवला होता, व्हिडिओ करून मोबाईलवर टाका, जगभर बघतील. मी त्यांना बसवले आणि इंडोनेशियातल्या एका मंडळाची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारंग नावाचे बंदराचे शहर आहे. तिथे मुदरिका झैन नावाच्या एक बाई मुलींना कुरआनची तिलावत शिकवत. 1975 साली त्यांनी आपल्या शिष्यांना घेऊन नऊ जणींचे एक गायन-मंडळ उभे केले. नाव ठेवले 'नसीदा रिया'. 'नशीद' म्हणजे गीत आणि 'रिया' म्हणजे तिथल्या भाषेत आनंद. सुरुवातीला त्यांच्याजवळ फक्त रेबाना होते. रेबाना म्हणजे आपल्या दफसारखे वाद्य. त्यांचे गाणे आवडणाऱ्या सेमारंगच्या महापौरांनी त्यांना कीबोर्ड भेट दिला. पुढे त्या व्हायोलिन, गिटार, बासरीही शिकल्या. डोक्यावर हिजाब, अंगावर साधा एकसारखा पोशाख आणि तिलावतीने तयार झालेला गळा, अशी त्यांची ओळख झाली.

1978 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. तो आणि पुढचे दोन अल्बम मुख्यतः अरबीत होते. इंडोनेशिया हा जगातला सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येचा देश. तिथे घरोघरी कुरआन पढला जातो, पण घरात अरबी बोलली जात नाही. अरबी गाणे ऐकून लोक माना डोलवत, पण त्यातली शिकवण सोबत घेऊन जात नसत. नेमके हेच एका आलिमांच्या लक्षात आले. अहमद बुखारी मसरूरी हे त्यांचे नाव. त्यांनी सल्ला दिला की गाण्यातून दीनची गोष्ट सांगायची असेल, तर ती ऐकणाऱ्याला समजली पाहिजे, म्हणून इंडोनेशियन भाषेत गा. नुसता सल्ला देऊन ते थांबले नाहीत. 'अबू अली हैदर' या टोपणनावाने त्यांनी स्वतः मंडळासाठी गीते लिहिली. त्यांतले शांततेवरचे 'परदामायान' हे गीत पुढे देशभर पोहोचले.

भाषा बदलली तसे विषयही जवळचे झाले. अणुबॉम्बचा धोका आणि यंत्रांच्या युगात माणसाचे काय होणार, हेही त्यांच्या गाण्यांत आले. जे समजते ते ओठांवर बसते. कॅसेट घरात आली की आई स्वयंपाक करताना गुणगुणे आणि मुले तेच अंगणात म्हणत. जाहिरातीला पैसे नसलेल्या मंडळासाठी याहून मोठी जाहिरात कोणती?

त्यांचे व्यासपीठ म्हणजे लग्नघरे आणि धार्मिक मेळावे. मग गावोगावचे कार्यक्रम झाले, राष्ट्रीय दूरदर्शनवर गाणी झाली. 1988 मध्ये इस्लामी नववर्षाच्या निमित्ताने मलेशियाचे बोलावणे आले. 1994 आणि 1996 मध्ये जर्मनीत कार्यक्रम झाले. 2022 मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात 'डॉक्युमेंटा' या जगप्रसिद्ध कला-प्रदर्शनातही हे मंडळ गायले. जुन्या सदस्या गेल्या, नव्या मुली आल्या, तीसहून अधिक अल्बम निघाले. आज इंडोनेशियात गावोगावी महिलांची कसीदा-मंडळे दिसतात.

हा क्रम मुलींनी नीट पाहावा असे मला वाटत होते. आधी गल्ली, मग शहर, मग देश आणि शेवटी परदेश. व्हिडिओ जरूर टाकावा. पण गल्लीतली दहा माणसे जे गाणे पुन्हा मागत नाहीत, ते अनोळखी माणसे मोबाईलवर पुढे सरकवतात आणि विसरतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. संगीताबाबत आपल्या उलमांमध्ये मतभेद आहेत. निकाह आणि ईदच्या प्रसंगी दफ वाजवल्याचे उल्लेख हदीसमध्ये आढळतात. इतर वाद्यांबाबत आणि स्त्रियांनी कुणासमोर गावे याबाबत मते वेगवेगळी आहेत. तो निर्णय मी आलिमांवर सोपवते. आमच्या मुली केवळ महिलांसमोर गातात आणि दफशिवाय काही वाजवत नाहीत. पण सेमारंगचा मुख्य धडा वाद्यांचा नाहीच. तो भाषेचा आहे.

मराठीत गायचे ठरल्यावर एक बुजुर्ग मला म्हणाले, "दीनची गोष्ट उर्दूतच शोभते." उर्दू मीही शिकवते, तिच्यावर माझा जीव आहे. पण ज्या घरांत चूल, शेत आणि सुख-दुःख मराठीत बोलले जाते, तिथे अल्लाहची हम्द मराठीत परकी का वाटावी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेखांनी मराठीत गाऊन मैदाने भरवली. ही वाट आपल्याला नवी नाही. शेवटी मी त्या बुजुर्गांना सांगितले, उर्दू नात राहील, तिच्या शेजारी मराठीही येईल. ते पूर्ण राजी झाले नाहीत. पण त्यांनी मुलींनी लिहिलेली हम्द मागून घेतली आणि तिच्यातली अकीद्याची एक चूक दुरुस्त करून परत दिली.

मुलींनी तीन नियम केले. प्रत्येक कार्यक्रमात किमान दोन मराठी गीते गायची. गाण्याआधी दोन वाक्यांत विषय सांगायचा. आणि कार्यक्रम झाल्यावर लगेच निघायचे नाही. बायकांमध्ये बसून काय कळले, काय कळले नाही, ते विचारायचे.

गेल्या महिन्यात एका अकीक्याच्या घरी त्या गायल्या. पंधरा-वीस बायका होत्या, माईक नव्हता. शब्द जरा कच्चे होते, एका ठिकाणी चालही चुकली. दुसऱ्या कडव्यापासून त्याच आजी सोबत गुणगुणू लागल्या. निघताना त्यांनी मुलींना नातीच्या मंगनीचे आवतण दिले आणि बजावले, "ती आईवरची पन बसवा. मराठीतच."

ते गीत अजून लिहायचे आहे. मुली कामाला लागल्या आहेत.