ओंडक्यावरची शिताके

शिताके ही लाकडावर वाढणारी अळंबी. जपानीत ‘ताके’ म्हणजे अळंबी आणि ‘शिइ’ हा एक वृक्ष. त्या वृक्षाच्या मेलेल्या खोडावर ती उगवते, म्हणून हे नाव. जपानमध्ये सुकवलेल्या शिताकेचे सर्वाधिक उत्पादन क्यूशू बेटावरील ओइता प्रांतात होते. तिथे ती मुख्यतः कुनुगी या ओकच्या ओंडक्यांवर घेतात.

पूर्वी शेतकरी ओंडक्यांवर कुऱ्हाडीने खाचा पाडत आणि वाऱ्याबरोबर येणारे बीजाणू रुजण्याची वाट पाहत. पीक दैवावर असे. १९४०च्या दशकात मोरी किसाकु यांनी लाकडी खुंट्यांवर शुद्ध कवक वाढवून त्या ओंडक्यात ठोकण्याची पद्धत आणली आणि खात्रीचे बियाणे हाती आले.

झाड पानगळीच्या सुमारास तोडतात. तेव्हा खोडात अन्नसाठा भरपूर असतो आणि साल घट्ट असते. साल सुटली की ओलावा उडतो आणि परक्या बुरशा शिरतात. म्हणून साल जपणे हे पहिले पथ्य. घरी मीटरभर लांबीचे, १० ते १५ सेंटिमीटर जाडीचे एक-दोन ओंडके पुरतात. हिवाळा सरताना त्यांना रांगांनी छिद्रे पाडतात. एका रांगेतील छिद्रे शेजारच्या रांगेतील दोन छिद्रांच्या मध्यावर येतात, त्यामुळे कवक सगळीकडे सारखे पसरते. खुंटी सालीच्या पातळीपर्यंत ठोकून वर वितळलेले मेण लावतात.

पुढचे काम कवकाचे. ओंडका सावलीत, जमिनीला न टेकवता ठेवायचा आणि कोरडा पडू द्यायचा नाही. काही महिन्यांनी कापलेल्या तोंडावर पांढरे डाग दिसू लागतात; आत कवक लाकूड पचवत असल्याची ती खूण. दोन उन्हाळे गेले की पहिले पीक येते. जपानमध्ये ते वसंतात आणि शरदात धरते. घरी तयार ओंडका दिवसभर थंड पाण्यात बुडवला, तर काही दिवसांत सालीला तडा जाऊन तपकिरी बोंडे बाहेर येतात. त्यानंतर ओंडक्याला काही आठवडे विश्रांती द्यावी लागते.

थंडीत सावकाश वाढलेली, जाड आणि कडा आत वळलेली छत्री म्हणजे ‘दोन्को’. पसरट, पातळ छत्री म्हणजे ‘कोशिन’. सुकवल्यावर वजन जेमतेम दहावा हिस्सा उरते, पण चव गडद होते. त्या चवीमागचा ग्वानिलेट हा घटक कुनिनाका आकिरा यांनी १९५७ मध्ये ओळखला.

ओंडका चार-पाच वर्षे पीक देतो, मग भुसभुशीत होऊन मातीत मिसळतो. तोवर कुनुगीच्या बुंध्याला नवे धुमारे फुटलेले असतात आणि साधारण १५ वर्षांत ते पुन्हा तोडणीला येतात. ओइतातील कुनिसाकी परिसरात ही राने पावसाचे पाणी मुरवतात आणि खालच्या तळ्यांतून ते भातशेतीला मिळते. रान, अळंबी आणि भात यांची ही सांगड संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदवली.