पोस्टडॉकचं घड्याळ कधी सुरू होतं?

मे महिन्यातला मंगळवार होता. १२ जूनच्या मुदतीसाठी माझा के९९ ग्रँटचा अर्ज जवळपास लिहून झाला होता. केवळ खात्री करून घ्यावी म्हणून एनआयएचच्या प्रोग्राम ऑफिसरला एक छोटी ईमेल टाकली: जूनमध्ये अमेरिकेत येऊन मला ३ वर्षं ७ महिने होतील, म्हणजे मी पात्र आहे ना? सोबत बायोडेटा जोडला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अगदी सौजन्यानं लिहिलेलं. पुण्यात पीएचडी झाल्यावर उरलेले पेपर संपवायला मी सरांच्या लॅबमध्ये ९ महिने थांबले होते, तेही पोस्टडॉकच होतं. एकूण ४ वर्षं ४ महिने. मर्यादा ४ वर्षांची. अर्ज करता येणार नाही.

पीआयनं मला हे सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा फार वाटलं. आज तितकं वाटत नाही. पुण्यातले ते ९ महिने माझ्याशिवाय कोणाच्या डोक्यात असणार? आपल्याकडे फेलोशिप म्हटली की आपण आधी वयाची अट बघतो. इथे वय कोणी विचारत नाही. पीएचडीनंतर किती काळ पोस्टडॉक केलं ते विचारतात, मग ते कोणत्याही देशात केलेलं असो. नियम वेबसाइटवर होता, मी तो वाचला होता आणि माझ्या सोयीनं समजून घेतला होता.

के९९/आर०० म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांना 'हे आपल्यासाठी नाही' असंच वाटत असतं. २००६ साली सुरू झालेली ही ग्रँट दोन टप्प्यांची आहे. पहिली जास्तीत जास्त २ वर्षं तुम्ही मार्गदर्शकाच्या लॅबमध्ये असता. मग प्राध्यापकाची नोकरी मिळाली, तर पुढची जास्तीत जास्त ३ वर्षं पैसा तुमच्याबरोबर तुमच्या नव्या लॅबमध्ये येतो. एफ३२ सारख्या फेलोशिपला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. के९९ ला लागत नाही. व्हिसावर असलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. हे मला कळलं तेच मुळी तिसऱ्या वर्षी, कॉफीच्या रांगेत, एका चिनी सहकाऱ्याकडून.

आता उलटं मोजून बघा. ४ वर्षांची अट पहिल्या अर्जाला आहे तशी सुधारून पुन्हा पाठवलेल्या अर्जालाही आहे. पहिल्याच फटक्यात ग्रँट मिळणारे थोडे, त्यामुळे दुसरी फेरी धरूनच चालायचं. समजा ऑक्टोबरमध्ये अर्ज केला. परीक्षकांचे शेरे हातात यायला वसंत ऋतू उजाडतो आणि सुधारित अर्ज जातो पुढच्या जुलैत. मधे ९ महिने गेले. म्हणजे पहिला अर्ज तिसरं वर्ष संपण्याच्या आसपास जायला हवा. त्या वेळी हातात निदान एक पेपर हवा, शिफारसपत्रं द्यायला तुमचं काम जवळून ओळखणारी तीन ते पाच माणसं हवीत आणि पीआयच्या कामापासून वेगळा काढता येईल असा स्वतःचा प्रश्न हवा. तो प्रश्न तिसऱ्या वर्षी शोधून सापडत नाही. दुसऱ्या वर्षी त्याचे प्राथमिक प्रयोग झालेले असावे लागतात. म्हणजे त्याबद्दलचं बोलणं पहिल्या वर्षी व्हायला हवं, जेव्हा आपण अजून अपार्टमेंटसाठी गादी शोधत असतो.

हे बोलणंच सगळ्यात अवघड. 'काम चांगलं कर, लोक आपोआप बघतील' हे ऐकत आपण वाढलो. माझ्या पीआयला मी पहिल्या नावानं हाक मारायला शिकले, पण मनातून ते 'सर'च होते. सरांना कसं विचारायचं, 'इथून जाताना मी यातलं काय घेऊन जाऊ?' पण अर्जात मार्गदर्शकाला पत्रात हेच लिहावं लागतं: प्रकल्पाचा कोणता भाग उमेदवार सोबत नेणार आणि त्यावर लॅब स्पर्धा करणार की नाही. मी हा प्रश्न चौथ्या वर्षी, मान खाली घालून विचारला. ते म्हणाले, "हो, मेम्ब्रेनचा भाग तुझाच. मला वाटलं तुला त्यात रस नाही, कधी बोलली नाहीस." तीन वर्षं मी ज्याला नम्रता समजत होते, ती त्यांना उदासीनता वाटली होती.

बोलायला निमित्त हवं असेल तर आयडीपी आहे, म्हणजे वैयक्तिक विकास आराखडा. आपली कौशल्यं, आवडी आणि पुढच्या वर्षाची उद्दिष्टं लिहून वर्षातून एकदा पीआयसमोर ठेवायची. २०१४ पासून आपल्या संस्थेत असे आराखडे वापरले जातात की नाही, ते वार्षिक अहवालात सांगायला एनआयएचनं सुरुवात केली. सायन्स करिअर्सचं 'माय आयडीपी' हे साधन २०१२ पासून मोफत आहे आणि त्यात प्राध्यापकी धरून २० वाटा दाखवतात. खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी हा फॉर्म ईमेलला जोडून जातो आणि तिथेच राहतो. माझाही दोन वर्षं तसाच राहिला. त्याचा उपयोग एवढाच की 'फॉर्म भरायचाय' म्हणून अर्धा तास मागता येतो, आणि त्या अर्ध्या तासात खरा प्रश्न विचारता येतो.

आणखी दोन घड्याळं शेजारी ठेवा. एक लॅबच्या पैशाचं. एनआयएचच्या 'रिपोर्टर' या सार्वजनिक संकेतस्थळावर पीआयचं नाव टाकलं की प्रत्येक चालू ग्रँटची रक्कम आणि संपण्याची तारीख दिसते. पहिल्यांदा बघताना मला कोणाच्या तरी पाकिटात डोकावल्यासारखं वाटलं होतं. पण आर०१ साधारण ४-५ वर्षांची असते. तुम्ही तिच्या तिसऱ्या वर्षी रुजू झालात, तर तुमचा पगार कोणत्या तारखेपर्यंत पक्का आहे ते तुम्हाला माहीत हवं. दुसरं घड्याळ व्हिसाचं. संशोधक म्हणून जे-१ वर जास्तीत जास्त ५ वर्षं मिळतात, आणि मधेच तो कार्यक्रम सोडलात तर त्याच प्रकारात परत यायला २४ महिने थांबावं लागतं. एच-१बी ची मर्यादा सहसा ६ वर्षांची. विद्यापीठांना त्यासाठी लॉटरी लागत नाही, कंपन्यांना लागते. उद्योगात जायचं असेल तर हा फरक शेवटच्या वर्षी नव्हे, आधीच लक्षात घ्यायला हवा. यातले नियम बदलतात, म्हणून तारखा दर वर्षी संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन तपासून घ्या.

प्रोग्राम ऑफिसरला ईमेल करायला घाबरू नका, हे मात्र आवर्जून सांगेन. 'एवढ्या मोठ्या माणसाला त्रास कशाला' म्हणून मी दीड वर्ष टाळलं. प्रश्नांना उत्तरं देणं हे त्यांचं कामच आहे. तीच ईमेल मी आदल्या सप्टेंबरमध्ये पाठवली असती, तर ऑक्टोबरच्या मुदतीला माझी ३ वर्षं ८ महिने भरत होती. मी पात्र होते.

माझं पुढे काय झालं? तो मेम्ब्रेनचा भाग मी दुसऱ्या एका संस्थेत रिसर्च सायंटिस्ट म्हणून करते आहे. पगार बरा आहे, काम आवडतं, पण लॅब माझ्या नावाची नाही. काही दिवशी त्याचं काही वाटत नाही, काही दिवशी वाटतं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे हैदराबादहून एक मराठी मुलगा पोस्टडॉकला आला. दुसऱ्याच आठवड्यात जेवताना मी त्याला विचारलं, पीएचडी झाल्यावर लगेच आलास की मधे कुठे होतास?

"गाइडकडेच होतो ताई, ११ महिने. पण ते थोडंच मोजतात?"

मी डबा बाजूला सारला आणि पेपर नॅपकिनवर त्याची तारीख लिहिली.