लाल हापसा, हिरवा हापसा

ढाक्याजवळच्या आडाईहाजार भागात जवळपास प्रत्येक अंगणात हापसा आहे. तपासणीला आलेला माणूस आधी काही मिनिटं दांडा हापसून नळीत साचलेलं पाणी काढून टाकतो आणि मग बाटली धरतो. पाणी नितळ आणि थंड. त्यात आर्सेनिक असलं तरी ते असंच दिसतं, चवीलाही कळत नाही, उकळून जातही नाही.

ते दिसावं म्हणून त्याचं रूपच बदलावं लागतं. बाटलीत आधी ऑक्सिडीकारक पूड पडते, कारण पाण्यातल्या सल्फाइडपासून निघणारा वायूही पट्टी काळी पाडतो आणि निकाल फसतो. मग आम्ल आणि जस्ताची पूड. लगेच बुडबुडे उठतात. हा हायड्रोजन. तयार होता होता तो पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला पकडतो आणि आर्सिन बनतो: आर्सेनिकचा एक अणू, हायड्रोजनचे तीन. आर्सिन वायू असल्यामुळे बुडबुड्यांबरोबर पाण्याबाहेर पडतो आणि झाकणात बसवलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीला भिडतो. पांढरी पट्टी आधी फिकट पिवळी, मग गडद पिवळी, आर्सेनिक फार असेल तर तपकिरी होते.

झाकण घट्ट हवं, आणि पट्टीवर पाण्याचा थेंबही उडता कामा नये. आर्सिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आर्सेनिकच्या संयुगांत तो अत्यंत घातक. पण इथे मामला फार थोड्याचा आहे. लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या 100 मिलिलिटर पाण्यात ते भरतं फक्त 10 मायक्रोग्रॅम. तेवढ्यानेही कागद रंगतो, ही या परीक्षेची खरी ताकद. म्हणूनच 1836 मध्ये जेम्स मार्श यांनी याच रसायनावर आधारलेली चाचणी काढली आणि विषप्रयोगाच्या खटल्यांत ती न्यायालयापर्यंत पोचली. आज हाच वायू सिलिंडरमध्ये भरून गॅलियम आर्सेनाइडचे अर्धवाहक बनवणाऱ्या कारखान्यांत जातो. तिथे मात्र नाकावर भिस्त ठेवता येत नाही, कारण लसणासारखा वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते. तिथे सतत चालू असलेले गॅस-डिटेक्टर लागतात.

अंगणात पुन्हा पट्टीकडे येऊ. ठरलेली मिनिटं संपली की पट्टी काढून सावलीत, लगेच, रंगतक्त्याशी ताडून पाहायची. उन्हात रंग बदलतो. 10 आणि 500 यांच्यात चूक होत नाही. अवघड जागा मधली: हा पिवळा 50 च्या आतला की वरचा? जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशची 50. एका छटेच्या फरकाने हापसा हिरवा, म्हणजे पिण्याजोगा ठरतो किंवा लाल, म्हणजे धोक्याचा. अशा तपासणीच्या सुरुवातीच्या किटचे निकाल किती चुकतात, हे जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने 2002 मध्येच दाखवून दिलं होतं. तो इशारा महत्त्वाचा होता, पण त्यापायी किटच मोडीत काढणं चूक ठरलं असतं. लाखो हापशांचं पाणी प्रयोगशाळेत नेणार कोण? 2000 ते 2003 या काळात बांगलादेशात सुमारे 50 लाख हापसे तपासले गेले. त्यातले जवळपास 14 लाख लाल रंगवले गेले.

लाल रंग लागला की घरातल्या बायकांपुढे प्रश्न उभा राहतो: आता पाणी कुठून आणायचं? उत्तर बहुधा शेजारीच असतं. उथळ थरात आर्सेनिक इतकं विषम पसरलेलं आहे की एका अंगणातलं पाणी विषारी आणि पलीकडचं चांगलं निघू शकतं. आडाईहाजारमधल्या अभ्यासात जवळपास 90 टक्के लोकांची घरं सुरक्षित हापशापासून 100 मीटरच्या आत आढळली. निकाल कळल्यावर, लाल हापसा असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पाण्याची जागा बदलली. गाळणी नाही, वीज नाही. फक्त कळशी शेजारच्या अंगणात नेली. बाकीच्यांना अंतर, शेजाऱ्याशी असलेले संबंध किंवा रोजची ओझी आडवी आली.

तेव्हाचा रंग आता कित्येक दांड्यांवरून उडाला आहे. दरम्यान घरोघरी स्वखर्चाने नवे हापसे बसले आणि त्यांतल्या पुष्कळांना कधी पट्टी लागलीच नाही. नवा हापसा बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातीच किट द्यावं, असं हे काम जवळून पाहिलं की वाटतं. बोअर मारतानाच पाणी तपासलं, तर घरच्यांना ते पिण्याआधी कळेल आणि नळी आणखी खोल न्यायची की नाही, हेही तिथेच ठरवता येईल.