घरचा संगणक (भाग ९) : सिंकथिंगला निरोप
मागच्या भागात उबंटूवर एपीटीने प्रोग्रॅम कसे बसवायचे ते पाहिलं. आज त्यातलाच एक, सिंकथिंग. दोन-तीन यंत्रांवरचं एकच फोल्डर सारखं ठेवायचं, एवढंच याचं काम. याकोब बोर्ग यांनी तो डिसेंबर २०१३मध्ये प्रथम लोकांपुढे आणला. तो मुक्तस्रोत आहे आणि फुकटही. गूगल ड्राइव्हसारखं मधलं कोठार इथे नाही. फाइल तुमच्या एका यंत्रातून तुमच्याच दुसऱ्या यंत्रात जाते.

बसवणं दोन मिनिटांचं. एपीटीला सांगितलं की झालं. मात्र याची खिडकी ब्राउझरमध्ये उघडते: पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ८३८४. सेवा आपल्या नावाने चालवायची, रूटच्या नव्हे. नाहीतर आलेल्या फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि आपल्याच फाइलीला हात लावायची चोरी. प्रत्येक यंत्राला ५६ अक्षरांचा आयडी मिळतो, सात-सातच्या आठ गटांत. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा आयडी मान्य केल्याशिवाय सोयरीक जुळत नाही.

खरी गंमत काढताना. जुना लॅपटॉप भाचीला द्यायचा होता. फोल्डर उघडलं, कंट्रोल-ए, डिलीट. चहा घेऊन येतो तर टेबलावरच्या संगणकातलंही फोल्डर रिकामं! सिंकथिंगचं काही चुकलं नव्हतं. पुसणं हाही त्याच्या लेखी एक बदलच, आणि बदल पोचवायला तर त्याला ठेवलेला.

फोल्डरच मुळासकट उडवलं असतं, तर बहुधा वाचलो असतो. प्रत्येक फोल्डरात सिंकथिंग ‘.एसटीफोल्डर’ नावाची खूण ठेवतं. ती दिसली नाही, की डिस्क जोडलेली नसेल असं धरून ते थांबतं आणि तक्रार करतं. पण नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती लपलेली असते, त्यामुळे माझ्या कंट्रोल-एमध्ये आलीच नाही. खूण जागेवर, आतलं गायब: म्हणजे मालकाने जाणूनबुजून पुसलं!

तेव्हा क्रम असा. आधी ब्राउझरमधल्या पानावर जाऊन ते फोल्डर यादीतून काढा. याने फक्त नातं तुटतं, डिस्कवरच्या फाइली राहतात. मग सेवा थांबवा आणि पुन्हा आपोआप सुरू होणार नाही असं करा. त्यानंतर एपीटीने प्रोग्रॅम काढा. फाइली पुसायच्या असतील तर त्या सर्वांत शेवटी.

एपीटीचा ‘पर्ज’सुद्धा तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. सिंकथिंगची किल्ली तिथेच, ‘.लोकल’मधल्या ‘स्टेट’मध्ये पडून राहते, जुन्या आवृत्तीत ‘.कॉन्फिग’मध्ये. कंट्रोल-एच दाबलं की दिसेल. पुन्हा बसवायचा विचार असेल तर राहू द्या, जुनाच आयडी परत मिळतो. यंत्र दुसऱ्याला देणार असाल तर तीही काढा, आणि उरलेल्या यंत्रांच्या यादीतून त्या लॅपटॉपचं नाव खोडा.

माझ्या फाइली एका पेनड्राइव्हवर होत्या म्हणून निभावलं. टेबलावरच्या संगणकात फाइल व्हर्जनिंग चालू असतं, तर दुरून पुसलेल्या फाइली ‘.एसटीव्हर्जन्स’मध्ये सापडल्या असत्या. मुळात ते बंद असतं. ते कसं चालू करायचं, आणि त्याने डिस्क भरू नये म्हणून काय करायचं, ते पुढच्या भागात.