वाऱ्याची वाट
द्वितीय वर्ष, कला

संगणक हे यंत्र आता आपल्या सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परीक्षेचा अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती, सातबाराचा उतारा, अशी कितीतरी कामे त्याच्यामार्फत होतात. परंतु या यंत्राच्या पेटीत सतत गुणगुणणारा पंखा कशासाठी असतो, तो कसा निवडावा आणि मुख्य म्हणजे त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. हा विषय विज्ञान शाखेचा. कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, वारा कोठून येतो आणि कोठे जातो हे कोकणातल्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. खळ्यावर भात वारवणारी बाई आधी वाऱ्याकडे पाहते आणि मग सूप उचलते. घर बांधणारा पुढच्या दाराच्या रेषेत मागचे दार ठेवतो. संगणकाच्या पंख्याचे बरेचसे शास्त्र या दोन गोष्टींतच सामावलेले आहे.

उष्णता येते कोठून?

संगणकाचे सारे हिशेब प्रोसेसर नावाचा भाग करतो. त्यातील खरी काम करणारी सिलिकॉनची चकती बोटाच्या नखापेक्षा फारशी मोठी नसते. या चकतीला जेवढी वीज मिळते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेत बदलते. पूर्वी घरोघरी साठ वॅटचा पिवळा बल्ब असे. तो पेटल्यावर हात लावण्याची सोय नसे. आज सर्वसाधारण वापरातला इंटेलचा आय-५ १२४०० हा प्रोसेसर घेतला, तर त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट आणि भर कामातली कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. म्हणजे दोन बल्बांची उष्णता एका नखाएवढ्या जागेत निर्माण होते.

हे नेहमीच असे नव्हते. १९८१ साली आय.बी.एम.ने काढलेल्या घरगुती संगणकातील ८०८८ हा प्रोसेसर उघडाच बसवलेला असे. त्याच्यावर ना धातूचा ठोकळा, ना पंखा. १९९३ साली पेंटियम आला. त्याची ६६ मेगाहर्ट्झची जात सुमारे सोळा वॅटपर्यंत वीज घेई. त्या सुमारास प्रोसेसरवर पंखा बसवणे ही नित्याची गोष्ट झाली. पुढे वेग वाढत गेला आणि त्याबरोबर तापही वाढला.

ताप फार झाला तर काय होते? प्रोसेसर आपले रक्षण आपणच करतो. साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर संगणक बंद पडतो. यंत्र वाचते, पण ज्याचे काम अर्धवट राहिले त्याचे काय, हा प्रश्न राहतोच.

घाम आणि धातू

प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याचा सपाट तळ टेकवलेला असतो. मध्ये बारीकशी फट राहू नये म्हणून थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. तळातून तांब्याच्या नळ्या वर जातात. त्यांना हीट पाइप म्हणतात. त्यांच्या आत थोडेसे द्रव असते. ते खालच्या टोकाला तापून वाफ होते, वर जाऊन निवते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत खाली झिरपते. या नळ्या अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीतून ओवलेल्या असतात. एवढे सगळे कशासाठी, तर नखाएवढ्या जागेतली उष्णता मोठ्या पृष्ठभागावर पसरावी आणि हवेला ती उचलता यावी. पत्र्यांमधून हवा खेळवण्याचे काम पंखा करतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंखा हवेला थंड करीत नाही. तो फक्त हवा हलवतो. आपल्याला पंख्याखाली गार वाटते, कारण अंगावरचा घाम सुकताना उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात आमच्या वेळणेश्वरला समुद्रावरची दमट हवा असते, घाम सुकत नाही, आणि पंखा असून नसल्यासारखा होतो. धातूला मात्र घाम येत नाही. म्हणून हवा दमट असो की कोरडी, प्रोसेसरच्या पंख्याच्या कामात त्यामुळे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीच्या तापमानाने. पंखा कितीही उत्तम असला तरी तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकणार नाही.

यातून खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट निघते. कूलरच्या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. तेथे प्रोसेसर ७७ अंशांवर राहिला, म्हणजे तो खोलीपेक्षा ५५ अंशांनी वर राहिला. तीच जोडी आपल्याकडे ३४ अंशांच्या बंद खोलीत ठेवली, तर आकडा साधारण ८९ होईल. छापील आकड्यात आपल्या गावचा उन्हाळा मिळवल्याशिवाय तो आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

हवा तरी किती लागते? शंभर वॅट उष्णता उचलून हवा दहाच अंशांनी तापावी असे ठरवले, तर हिशेबाने दर सेकंदाला सुमारे साडेआठ लिटर हवा पत्र्यांतून जावी लागते. एका सेकंदात अर्धी घागर भरेल एवढी ही हवा. हे काम मोठे खरे, पण पंख्याला अशक्य मुळीच नाही.

विंझणा आणि फुंकणी

आता निवडीकडे वळू. पंख्याच्या वेष्टणावर दोन आकडे मुख्य असतात : एक हवेचे प्रमाण, दुसरा दाब. आपण साहजिकच पहिला आकडा पाहतो. जास्त वारा तो चांगला पंखा, असे आपल्याला वाटते. पण स्वयंपाकघरातली दोन साधने आठवा. विंझणा अंगावर भरपूर वारा घालतो; मात्र ओल्या लाकडांनी कोंदलेली चूल पेटवायची असेल तर विंझण्यापेक्षा फुंकणीच कामाची. फुंकणीतून येणारी हवा थोडी असते, पण ती अडथळ्यातून वाट काढते. या वाट काढण्याच्या जोरालाच दाब म्हणतात.

ऑस्ट्रियातील नॉक्टुआ या कंपनीच्या दोन पंख्यांचे आकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल. दोन्ही १२० मिलिमीटरचे. एन.एफ.-एस१२ए हा मिनिटाला १२०० फेऱ्यांत तासाला १०७.५ घनमीटर हवा देतो. त्याचा दाब १.१९ मिलिमीटर पाण्याइतका. एन.एफ.-एफ१२ हा १५०० फेऱ्यांत ९३.४ घनमीटरच हवा देतो. पण त्याचा दाब २.६१ मिलिमीटर. पहिला विंझणा, दुसरा फुंकणी. पेटीच्या मोकळ्या जाळीवर हवा खेळवायला पहिला योग्य. दाट पत्र्यांच्या कूलरवर बसवायला दुसरा योग्य, कारण पहिल्याचा वारा पत्र्यांपाशी येऊन अडखळतो.

हे दोन्ही आकडे निरनिराळ्या परिस्थितीत मोजतात, हेही ध्यानात असावे. हवेचे प्रमाण समोर काहीही अडथळा नसताना मोजतात. दाब मोजतात तो वाट पूर्ण बंद असताना. प्रत्यक्षात पंखा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी काम करतो. म्हणून एकाच आकड्यावर भाळून जाऊ नये.

आकाराचा नियम सोपा आहे : जागेत मावेल तेवढा मोठा पंखा घ्यावा. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो. फेऱ्या दुप्पट केल्या तर हवा दुप्पट मिळते, दाब चौपट होतो, पण लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने वाढतो. ग्रंथालयात किंवा एकाच खोलीच्या घरात, जेथे एकजण संगणकावर आणि दुसरा अभ्यासाला बसलेला असतो, तेथे या आवाजाला महत्त्व आहे. चार तारांचा पंखा घेतल्यास संगणक तापमान पाहून त्याचा वेग आपोआप कमी-अधिक करू शकतो.

तोंड कोणीकडे?

एवढी निवड करूनही पंखा उलटा बसवला तर ती बहुतेक वाया जाते. साध्या पंख्याची एक बाजू उघडी असते; तिकडून हवा आत जाते. दुसऱ्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या काड्या असतात. तिकडून हवा बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेला असतो.

उभ्या पेटीत हवा पुढून आत यावी आणि मागून बाहेर पडावी, अशी रचना असते. ओटीवरून आलेला वारा माजघरातून मागच्या दाराने परसात जातो, तसेच हे आहे. कूलर मनोऱ्यासारखा उभा असेल, तर त्याचा पंखा पेटीच्या पुढच्या अंगाला बसवावा आणि त्याने पत्र्यांतून हवा मागे ढकलावी. मागच्या भिंतीवरचा पंखा ती गरम हवा लगेच बाहेर काढतो. दोन पंखे लावायचे असतील तर एक ढकलणारा आणि एक ओढणारा असावा, आणि दोघांचे तोंड एकाच दिशेला असावे. दुसऱ्या पंख्याने हवा दुप्पट होते असे नाही. फायदा बहुधा काही थोड्या अंशांचा असतो. पेटीच्या पुढे हवा घेणारा पंखाच नसेल, तर ते पैसे आधी तेथे घालावेत. जो कूलर बुटका असून वरून खाली वारा घालतो, त्याची दिशा खाली हीच बरोबर. त्याचा वारा शेजारच्या भागांनाही मिळतो. मात्र पेटीला हवेची वाट नसेल तर तो आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो.

आमच्या वाडीत एका नातलगांनी मुंबईहून वापरलेला संगणक आणला. बारावीनंतर प्रवेशाचे अर्ज भरायला आसपासची मुले तेथेच येत. दुरुस्ती होऊन आल्यापासून तो मे महिन्यात दुपारी हटकून बंद पडे. अर्ज निम्मा भरलेला, कागदपत्रे अर्धी चढवलेली, आणि मुदत त्याच दिवशी संपणारी. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात जाणार, त्या घराला हा धक्का लहान नसतो. दुसरा मार्ग सांगणारे घरात कोणी नसते. शेवटी पेटी उघडून उदबत्तीचा धूर दाखवला. मागच्या पंख्यापाशी धूर बाहेर जाई, आणि कूलरचा पंखा तोच धूर उलट पुढे ढकली. सफाईसाठी काढलेला पंखा परत लावताना फिरला होता. दोन पंखे एकमेकांशी भांडत होते. चार क्लिपा काढून पंखा फिरवला. शंभरला टेकणारा आकडा त्याच कामात ८७ च्या आसपास थांबू लागला. एका पैशाचा खर्च झाला नाही.

हल्ली उलट पात्यांचे पंखेही मिळतात. त्यांना काड्यांची खूण लागू पडत नाही. म्हणून उदबत्तीची परीक्षा सर्वांत खात्रीची. निखारा पेटीच्या आत नेऊ नये, जाळीपासून वीतभर लांब धरावा. पुढे धूर आत खेचला गेला आणि मागे बाहेर लोटला गेला, म्हणजे पेटीतील वाट सरळ आहे.

खाऱ्या हवेतली निगा

समुद्रकाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. खाऱ्या दमट हवेत धूळ कोरडी राहत नाही. ती पत्र्यांवर चिकटते आणि फटी बुजवते. दमटपणाने पंख्याच्या वाऱ्याचा गुण कमी होत नाही हे खरे, पण क्षाराने धातूला गंज चढतो. पुढच्या जाळीला गाळणी लावावी. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे बलवान असावेत, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास वीज बंद करून मऊ कुंचल्याने पत्रे साफ करावेत. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे निदान वीतभर जागा सोडावी. यंत्र चालू असताना त्याच्यावर भरतकामाचे आच्छादन घालण्याची हौस तर कटाक्षाने टाळावी.

उष्णता घालवण्याचा प्रश्न मोठमोठ्या यंत्रांनाही चुकलेला नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ मध्ये उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवाचा उपयोग केलेला आहे. साधन बदलले, तरी तत्त्व तेच : उष्णता नाहीशी होत नाही, तिला बाहेर जायला वाट द्यावी लागते.

खेड्यापाड्यांत आज एकेका संगणकावर अनेक घरांची कामे अवलंबून आहेत. तो बंद पडला की आपण नवे यंत्र, नवा भाग, नवा खर्च यांचाच विचार करू लागतो. त्याआधी पेटीचे झाकण काढून हवा कोठून येते आणि कोठे जाते एवढे पाहावे. त्याला पदवी लागत नाही. सूप उचलण्यापूर्वी वाऱ्याकडे पाहणाऱ्यांची आपण मुले आहोत. तेवढी नजर आपल्यापाशी असायला हरकत नाही.