२४५ किलोमीटरांचा एक तास

२७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेतल्या पहिल्या तीन मार्गांवर विमानं सुरू झाली. शिमला–दिल्ली, कडप्पा–हैदराबाद आणि आपलं नांदेड–हैदराबाद. या योजनेत नांदेडला मुंबईच्या आधी हैदराबाद मिळालं यात नवल नव्हतं. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यातच होता, आणि आकाशमार्गेही मुंबई जवळजवळ दुप्पट लांब पडते.

नांदेड विमानतळापासून हैदराबादच्या शमशाबाद विमानतळापर्यंतचं सरळ अंतर साधारण २४५ किलोमीटर. या मार्गावर आलेलं एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान उंचीवर पोचलं की ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. भागाकार केला तर अर्धा तास. वेळापत्रकात मात्र अशा मार्गाला तासाभराच्या आसपास वेळ धरतात.

उरलेला वेळ जमिनीजवळ जातो. वेळापत्रकातला वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, उतरल्यावर फलाटापर्यंत येणं आलं. वारा ज्या दिशेचा असेल त्या दिशेला तोंड करून उडायचं, मग वळून आपल्या वाटेला लागायचं, उतरतानाही तेच. चढताना वेग कमी, उतरण्याच्या बेतात असतानाही कमी. शमशाबादसारख्या गजबजलेल्या विमानतळावर नंबर लागेपर्यंत थांबायचं ते वेगळंच. पूर्ण वेगाने जायला मिळतं ते मधल्या तुकड्यात, आणि मार्ग जितका आखूड तितका हा तुकडा लहान.

याचं टोक पाहायचं तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जावं लागेल. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं उड्डाण २.७ किलोमीटरचं. वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि अनुकूल वाऱ्यात ५३ सेकंदांचा विक्रम. १९६७ पासून लोगनएअर कंपनी ही सेवा चालवते. इतक्या जवळ विमान कशाला, असं वाटेल. पण ते मुळात या दोन बेटांसाठी नाहीच; ऑर्कनीच्या मुख्य शहरातून, कर्कवॉलहून, निघालेलं छोटं विमान एसटीसारखं वाटेत थांबे घेतं, त्यातला हा एक. त्यातून शिक्षक जातात, डॉक्टर जातात. खर्चाचा भार स्थानिक परिषद उचलते.

खर्चाचं गणितही किलोमीटरवर चालत नाही. चाकांची आणि इंजिनाच्या काही भागांची झीज किती वेळा उडालं-उतरलं यावर मोजतात. म्हणून आखूड मार्ग किलोमीटरमागे महाग. 'उडान'ने मात्र तिकीट अंतराला बांधलं: सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये, तेही ठरावीक जागांसाठी, आणि कंपनीची तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षं. माझ्या मते चूक तिकिटात नव्हती, मुदतीत होती. आखूड मार्ग तीन वर्षांनी लांब होत नाही; त्याचा खर्च तसाच राहतो. २०१७ मध्ये नांदेडहून विमान उडवणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणं २०२२ मध्ये थांबली. ऑर्कनीतलं विमान अजून उडतं, आणि त्यासाठीचा पैसाही सार्वजनिक तिजोरीतूनच येतो.